पलंगाखालचे पाहुणे

परीक्षकांना शहरातली निदान अर्धी माणसं तरी घाबरून होती, आणि ही गोष्ट परीक्षकांना मनातून फार आवडत असे. गाडी चालवायचा परवाना हवा असेल तर या गृहस्थांना शेजारी बसवून गाडी उलटी खांबांमधून न्यावी लागे, चढावर थांबवून पुन्हा हलवावी लागे, आणि हे चालू असताना परीक्षक मांडीवरच्या कागदावर काहीतरी खरडत. काय खरडतात ते कुणाला कळत नसे. बहुतेक वेळा ते काहीच लिहीत नसत, नुसतं पेन हलवत; पण पेन हलल्याशिवाय परीक्षेला परीक्षेची कळा येत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. भल्याभल्यांची बोबडी वळे. गाडी आचका देऊन बंद पडली की परीक्षक चष्म्यावरून बघत, "घाबरायचं काय त्यात?" असं म्हणत आणि नापास करत.

अशा माणसाच्या घरात पायांचा पलंग नव्हता, हे मात्र शहरात कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे होता तो खोक्याचा पलंग, जमिनीला चिकटलेला, चारी बाजूंनी फळ्या ठोकलेला. लग्नानंतर फर्निचरच्या दुकानात बायकोला नाजूक पायांचा एक सुंदर पलंग आवडला होता. तेव्हा परीक्षकांनी साठवणुकीच्या सोयीवर असं काही भाषण दिलं, की दुकानदाराने सुद्धा मान डोलावली. तो विषय तिथे मिटला. मिटला असं परीक्षकांना वाटलं.

तो पुन्हा उकरला गेला मुलीमुळे. जुनं घर सोडून हे कुटुंब नव्या इमारतीत आलं होतं. मुलगी नऊ वर्षांची, बुजरी. रोज संध्याकाळी ती खाली जायची, पाण्याच्या टाकीशेजारी उभी राहून दुसऱ्यांचा खेळ बघायची आणि वर यायची. आईने विचारलं की "खेळले" म्हणायची. आई तिचे स्वच्छ मोजे बघायची.

त्या इमारतीतल्या पोरांचा एक कायदा होता. टाकीमागच्या सावलीत बसून भीतीदायक गोष्टी सांगायच्या. ज्याच्या गोष्टीने कुणीतरी किंचाळलं, तो टोळीत. टोळीची म्होरकी म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींची नात. पुढचा दात अर्धा तुटलेला, पापणी सहसा न लवणारी. तिला सगळे कप्तान म्हणत. मुलीने एके दिवशी धीर करून विहिरीतल्या भुताची एक गोष्ट सांगितली. कप्तानने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाली, "मग?"

गोष्ट संपल्यावर कुणी "मग?" विचारावं, याच्यासारखा अपमान नाही. मोठमोठे वक्ते त्यात खचतात, तिथे पोरीची काय कथा! तिचे कान लाल झाले आणि तोंडातून निघून गेलं, "माझ्या बाबांना एक गोष्ट माहितीये. ती ऐकून मोठी माणसंपण घाबरतात."

आता हे तिला कुणी सांगितलं? तर खुद्द बाबांनी. जेवताना एकदा त्यांनी घास हातात धरून बढाई मारली होती, "आमच्या लहानपणी भीतीची पुस्तकं होती म्हणजे पुस्तकं! 'पलंगाखालचे पाहुणे' वाचावं आणि मग बोलावं!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. बोलणाऱ्याचा घास पोटात जातो आणि बोलणं पोरांच्या डोक्यात राहतं, हे आईबापांना कधी कळणार कोण जाणे.

"रविवारी पाच वाजता ठरलंय," मुलगी म्हणाली. "तू सांगशील ना बाबा? मग ते मला घेणार आहेत." आणि खालचा ओठ जरा हलला.

परीक्षकांनी आजवर हजारोंना "नाही" म्हटलं होतं. एका न्यायाधीशाला सुद्धा दोनदा म्हटलं होतं. पण त्या हलणाऱ्या ओठासमोर त्यांचं काही चालेना. "सांगतो की! घाबरायचं काय त्यात?" ते म्हणाले, आणि पोरगी गिरकी घेत आत पळाली.

मग त्यांनी घाईघाईने बायकोला हाक मारली. कारण ते पुस्तक त्यांनी पुरतं वाचलेलंच नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. मावशीच्या घरी, भर दुपारी, ते आठ-नऊ वर्षांचे असताना मोठ्या पलंगावर पालथे पडून ते पुस्तक वाचत होते. गोष्टीतल्या मुलाचा चेंडू पलंगाखाली जातो. मुलगा तो काढायला वाकणार, इतक्यात चेंडू आपला आपणच घरंगळत बाहेर येतो. मुलाला वाटतं, गंमत आहे. तो चेंडू पुन्हा आत ढकलतो. चेंडू पुन्हा बाहेर येतो. मग मुलगा जमिनीवर पालथा झोपतो, लोंबणारी चादर दोन बोटांत धरतो, उचलतो, आणि पान संपतं. परीक्षकांनी ते पान उलटलं नाही. त्यांनी पलंगावरून थेट दारात उडी मारली, आणि तेव्हापासून आजतागायत पायांच्या पलंगावर पाठ टेकलेली नाही.

हे सगळं त्यांनी बायकोला सांगितलं. सांगणं भागच होतं. तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"म्हणजे तो खोक्याचा पलंग..."

"साठवणुकीची सोय पण होतेच की," परीक्षक पुटपुटले.

"अहो, त्यात आपण रिकामे डबे साठवतोय! लग्नापासून!" आणि मग तिला हसू आवरेना. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. तुमचा पाठीमागे नाही हो, खाली आहे."

परीक्षकांनी हाताची घडी घातली. नवऱ्याने हाताची घडी घालावी असे प्रसंग संसारात वारंवार येतात, आणि तिचा आजवर काही उपयोग झाल्याचं ऐकिवात नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा काढून ते सार्वजनिक वाचनालयात गेले. पुस्तक होतं. इथवर नशीब बरं होतं. पण ते बालविभागात होतं, आणि बालविभागातलं पुस्तक प्रौढांच्या कार्डावर मिळत नाही, असं ग्रंथपालबाईंनी सांगितलं.

"मग बालकाचं कार्ड द्या," परीक्षक म्हणाले.

"बालकाला आणा."

"बालकाला कळता कामा नये."

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "तुम्ही इथेच बसून वाचा. बालविभागात बसायला वयाची अट नाही. खुर्चीची आहे, पण ते तुमचं तुम्ही बघा."

खुर्ची लाल होती आणि परीक्षकांच्या गुडघ्याएवढी होती. तिच्यावर बसल्यावर त्यांचे गुडघे कानांच्या जवळ आले. आजूबाजूला चार-पाच चिमुरडी चित्रं रंगवत होती. त्यांनी या नव्या सभासदाकडे सहानुभूतीने पाहिलं. परीक्षकांनी पुस्तक उघडलं. तोच कागद, तोच वास, तोच चेंडू! पुस्तकाने इतक्या वर्षांत काही माघार घेतली नव्हती. चेंडू बाहेर आला. मुलाने आत ढकलला. पुन्हा बाहेर आला. मुलगा पालथा झोपला. परीक्षकांनी पानाचा कोपरा धरला, मनाशी म्हटलं, "घाबरायचं काय त्यात," आणि नेमकं त्याच क्षणी टेबलाखाली खडू शोधत रांगणाऱ्या एका पोराने आधारासाठी त्यांची पोटरी धरली.

परीक्षकांनी जी आरोळी ठोकली ती वाचनालयाच्या संदर्भविभागापर्यंत गेली असं म्हणतात. खुर्ची त्यांच्याबरोबर उठली, कारण ती अडकली होती. चिमुरडी रडायला लागली. पुस्तकं परत करायला आलेले सगळे धावत आले, आणि त्यांच्यात सगळ्यांत पुढे होत्या शिलाईकाम करणाऱ्या एक बाई, ज्यांना परीक्षकांनी तीन वेळा नापास केलं होतं. शेवटचं तर परवाच. त्या बाईंनी दोन्ही हातांनी खुर्ची ओढून परीक्षकांना सोडवलं आणि अतिशय मायेने म्हणाल्या, "साहेब, घाबरायचं काय त्यात?"

शांतताभंग केल्याबद्दल परीक्षकांना आठवडाभर वाचनालयात यायला बंदी झाली.

बायको म्हणाली, "मी जाऊन वाचून येते. तुम्ही बसा हाताची घडी घालून." ती गेली आणि हात हलवत परत आली. पुस्तक गेलं होतं. सकाळीच कुणी मुलगी आपल्या कार्डावर घेऊन गेली होती.

"कशी होती मुलगी?" परीक्षकांनी विचारलं.

"पुढचा दात तुटका होता म्हणे."

आपल्याच लेकीने भाबडेपणाने पुस्तकाचं नाव खाली सांगितलं होतं. म्हणजे आता अशी अवस्था झाली होती, की रविवारी श्रोत्यांना गोष्टीचा शेवट माहीत असणार होता आणि सांगणाऱ्याला नव्हता. शाळेत असं शिक्षकांचं होतं, पण त्यांना त्याचा पगार मिळतो.

"तुम्हीच एखादा शेवट रचा ना," बायको म्हणाली. परीक्षकांनी रात्रीच्या जेवणापर्यंत प्रयत्न केला. त्यातला बरा म्हणावा असा एकच होता: पलंगाखाली एक माणूस असतो आणि त्याच्याकडे परवाना नसतो.

जागेचंही घोडं अडलं होतं. टाकीमागे डास फार, म्हणून मुलीच्या आईने तळमजल्यावरची सोसायटीची खोली मागायचं सुचवलं, आणि परीक्षक सेक्रेटरींच्या दारात उभे राहिले. सेक्रेटरी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांनी अर्ज मागितला. अर्जाचा विषय काय लिहावा यावर अर्धा तास खल होऊन शेवटी 'मुलांना घाबरवण्याकरिता खोली मिळणेबाबत' असा ठरला.

"घाबरवणार किती?" सेक्रेटरींनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे सौम्य, मध्यम की तीव्र? उद्या कुणाच्या पालकांची तक्रार आली तर मी कागदावर काय दाखवू?"

परीक्षकांनी सौम्य लिहिलं. त्यावर सेक्रेटरींनी अटी घातल्या: दोनपैकी एक दिवा चालू राहील, बटणापाशी सेक्रेटरी जातीने बसतील, आणि भीती सहाच्या आत संपवून खोली झाडून देण्यात येईल.

जिन्यात दातांचे डॉक्टर भेटले. त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं; इमारतीत सगळ्यांनाच कळलेलं होतं. "साहेब, भुतंबितं जुनी झाली," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "आमच्या यंत्राचा आवाज टेपवर देऊ का? नुसता लावा. मोठी माणसं खुर्चीतून पळून गेलेली मी पाहिली आहेत." परीक्षकांनी आभार मानून नकार दिला. स्वाभिमान अजून थोडा शिल्लक होता. पुढे तो रविवारपर्यंतच पुरला.

रविवारी पाचला खोली भरली. पोरं सतरंजीवर बसली होती आणि एकमेकांना कोपराने ढोसत होती. कप्तान सतरंजीवर बसली नव्हती. ती मागच्या बाकावर पाय लोंबकळवत बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सगळं माहीत असलेल्या माणसाचा निवांतपणा होता. मुलगी सगळ्यांत पुढे एकटीच होती. तिच्या दोन्ही बाजूंना सतरंजी मोकळी होती. परीक्षकांनी ती मोकळी सतरंजी पाहिली आणि आपली खुर्ची तिच्या जरा जवळ ओढून घेतली.

त्यांनी सुरुवात केली. सुरुवात वाईट झाली. त्यांचा आवाज नियम वाचून दाखवणाऱ्या माणसाचा होता. "एक मुलगा होता. त्याच्याकडे चेंडू होता. सदर चेंडू पलंगाखाली गेला." कुणीतरी जांभई दिली. चेंडू परत आला असं त्यांनी सांगितलं, तेव्हा एक पोरगा म्हणाला, "काका, फरशीला उतार असेल." दुसरा म्हणाला, "वारा असेल." सगळे खिदळले. पुढे बसलेल्या मुलीची मान खाली गेली, इतकी, की परीक्षकांना तिचा नुसता भांगच दिसायला लागला. तो सकाळी त्यांनीच पाडला होता आणि तो वाकडा होता.

त्या वाकड्या भांगाकडे बघून त्यांना फार वाईट वाटलं. ते पोरांना विसरले आणि गोष्ट त्या एकटीलाच सांगायला लागले. आवाज आपोआप खाली आला. मावशीच्या घरातली ती दुपार समोर उभी राहिली, बंद खिडक्या, गार फरशी, सगळे झोपलेले. "मग त्याने तो पुन्हा ढकलला," ते म्हणाले. "मुद्दाम. जोरात. आणि तो वाट बघत बसला. आणि तो... तो परत आला." परीक्षकांचा एक पाय जमिनीवरून उठून खुर्चीच्या दांडीवर गेला. त्यांना ते कळलंही नाही. "मुलगा पालथा झोपला. त्याने चादर धरली. अशी. दोन बोटांत. आणि त्याने ती उचलली. आणि..."

आणि पुढे काही येईना. खोलीत चुळबुळ सुरू झाली.

"मांजराचं पिल्लू," मागून कप्तान म्हणाली.

"काय?"

"पलंगाखाली मांजराचं पिल्लू असतं, काका. मी वाचलंय. सगळ्यांना सांगितलंय. लवकर सांगा की."

खरं तर इथे परीक्षकांनी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. मांजराचं पिल्लू! त्याच्यापायी अख्खं आयुष्य डब्यांवर झोपून काढलं! पण भीती ही काही सरकारी आदेश नाही की दुसरा आदेश निघाला म्हणजे पहिला रद्द व्हावा. त्यांनी डोळे मिटून तो चेंडू पुन्हा एकदा पाहिला, आणि आयुष्यभर जे काम केलं ते त्यांच्या तोंडून बोललं.

"नाही गं," ते हळूच म्हणाले. "मांजर पंजा मारतं. पंजा मारला की चेंडू तिरपा जातो. हा सरळ आला होता. एका रेषेत. आणि त्याच्या पायाच्या अंगठ्याशी येऊन थांबला. दोन्ही वेळा तिथेच." त्यांनी बोटाने हवेत एक रेष ओढली. "मी रोज बघतो. सरळ रेषेत मागे आणून नेमक्या जागी थांबवायचं, हे माणसाला सुद्धा जमत नाही. तीन-तीनदा परीक्षा देऊन जमत नाही. मांजराला कसं जमेल?"

उताराची बाजू मांडणारं पोरगं सरकत सरकत सतरंजीच्या मधोमध आलं.

"मग कोण होतं?" कप्तानने विचारलं. आवाज जरा बारीक निघाला.

"मला माहीत नाही," परीक्षक म्हणाले, आणि त्यांनी दुसराही पाय खुर्चीवर घेतला.

एवढा मोठा माणूस, भुवया जाड, शर्टाच्या खिशाला पेन, आणि दोन्ही पाय पोटाशी घेऊन खुर्चीवर बसलेला, चेहरा पांढराफटक! पोरांनी फोनवर मुंडकी उडालेली पाहिली होती, रक्ताचे पाट पाहिले होते, पण असलं काही कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांच्या माना सावकाश मागे वळल्या. सतरंजीवरच्यांच्या खाली फक्त फरशी होती; पायांचं बाक तेवढं एकच होतं. कप्तानने आपल्या लोंबणाऱ्या पायांकडे पाहिलं. मग बाकाखालच्या अंधाराकडे. पाय झपकन वर घेतले आणि जी किंकाळी फोडली, तिच्यापुढे वाचनालयातली आरोळी म्हणजे ओवी होती.

मग काय विचारता! सगळी पोरं एकदम उठली. सेक्रेटरींनी तत्परतेने बंद दिवा लावायला बटण दाबलं आणि गडबडीत चालू होता तोच मालवला. अंधारात कुणीतरी सेक्रेटरींच्या पोटावरून गेलं. धाकट्यांनी भोकाड पसरलं, वरच्या मजल्यांवरची दारं धाडधाड उघडली, आणि सहाला अजून बराच वेळ असताना भीती संपवून खोली रिकामी करण्यात आली. झाडायची मात्र राहिली.

त्याच संध्याकाळी परीक्षकांच्या घरी सेक्रेटरी आले. मागे दोन-तीन पालक, त्यांच्या मागे अख्खी टोळी. सेक्रेटरींच्या हातात अर्ज होता. "सौम्य लिहिलंय इथे. ही सौम्य होती?"

पण खरा तंटा दारात चालला होता. कप्तान सावरली होती. "ते नाटक होतं," ती ठणकावून म्हणाली. "मोठी माणसं अशी घाबरतच नाहीत."

"नाटक नव्हतं! बाबा खरंच घाबरले होते," मुलगी म्हणाली.

"खोटारडी."

सेक्रेटरींना यात वाट दिसली. ते सलोख्याच्या सुरात म्हणाले, "साहेब, नाटक होतं असं दोन ओळी लिहून द्या, विषय मिटला. अभिनय जरा जास्त झाला, असं आम्ही समजू. तुमच्यासारखा माणूस घाबरला म्हटलं तर लोक काय म्हणतील? उद्या तुमच्यापुढे परीक्षेला बसायचंय त्यांना."

परीक्षकांना हे पटण्यासारखं होतं. आयुष्याची सगळी अब्रू सेक्रेटरींनी ताटात वाढून समोर ठेवली होती, नुसती उचलायची होती. त्यांनी पेन काढलंही. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. मुलगी दाराची कड दोन्ही हातांनी धरून त्यांच्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "नाटक नव्हतं," ते म्हणाले. "मी घाबरलो. माझी पाचावर धारण बसली होती. अजून हात गार आहेत."

कप्तान पुढे आली. तिने त्यांचा हात धरून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि बराच विचार करून टोळीला म्हणाली, "बर्फ आहे." मग ती मुलीकडे वळली. "तुझे बाबा काय भारी घाबरतात गं!"

"लहानपणापासून," मुलगी अभिमानाने म्हणाली. बायकोने पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली; हसत होती की काय, ते कळलं नाही.

गोष्ट शहरभर झाली, हे सांगायला नकोच. सोमवारी परीक्षेला आलेल्या पहिल्याच माणसाने गाडी खांबावर घातली आणि तरी परीक्षकांकडे बघून समजूतदारपणे हसला. परीक्षकांनी त्याला नापास केलं, पण त्यात पहिली मजा राहिली नव्हती. ते उतरल्या खांद्यांनी घरी आले, हातपाय धुतले आणि कपात तोंड घालून बसले.

इतक्यात दार वाजलं. मुलीने उघडलं. तिचे मोजे घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले होते. बाहेर कप्तान होती, तिच्यामागे सगळी टोळी, आणि टोळीमागे शेजारच्या इमारतीतली काही नवी तोंडं.

"काका आहेत?" कप्तानने विचारलं. "आज घाबरणार आहेत का?"

मुलीने एक हात कमरेवर ठेवला. "चहा पितायत. अर्ध्या तासाने या. आणि नव्यांनी मागे बसायचं."

परीक्षक आत बसून ऐकत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि ते स्वयंपाकघराच्या दिशेने मान वळवून म्हणाले, "अगं, माझा इस्त्रीचा शर्ट कुठे आहे?"